माय म्हणाली, "हे लेकरू वाचत नाई" : 'फिअर द वॉकिंग डेड'चा स्वप्नाचा भाग

रात्रीची_लाइन (धागाकर्ता), शनिवार सकाळी ९.१०

आमच्या फीडरला या आठवड्यात रात्रीची लाइन आहे, म्हणजे शेताची वीज रात्रीच. हरभऱ्याला ओलीत करायचं तर रात्री दहानंतरच शेतात जायचं. गाव यवतमाळ जिल्ह्यात, शेत नाल्याच्या पलीकडं. स्प्रिंकलरचे पाइप एकदा मांडले की तीन तास हलवायचं काम नसतं. मधेमधे टॉर्च फिरवायची, डुकरं तुरीत शिरली का ते पाहायचं, बाकी मचानीवर मी आणि मोबाइल.

माय सोबत असते. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात वाघिणीची दहशत होती, तेव्हापासून तिचा नियम आहे की रात्री कोणी एकटं शेतात जायचं नाही. वाघीण त्याच वर्षी नोव्हेंबरात मारली गेली, मायचा नियम मात्र जिवंत आहे. ती खाली शेकोटीजवळ बसते आणि मी काय पाहतो ते विचारत राहते. इंग्रजी तिला येत नाही, म्हणून मी वरून सांगत जातो.

काल 'फिअर द वॉकिंग डेड'च्या सहाव्या सीझनचा बारावा भाग पाहिला, 'इन ड्रीम्स'. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जग संपलेलं आहे, मेलेले लोक उठून चावतात, ते तर तुम्हाला माहीतच आहे. ग्रेस नावाची बाई अणुवीज केंद्रात कामाला होती. ते केंद्र बिघडलं, किरणोत्सर्ग तिच्या अंगावर आला, आणि आता आपण मरणार असं ती धरून चालली होती. मग कळलं की तिला दिवस गेलेत. या भागात ती पोटुशी आहे, दिवस भरत आलेत आणि एका स्फोटात ती जखमी होते. शुद्धीवर येते तर सोळा वर्षं निघून गेलेली. समोर एक पोरगी उभी. नाव अथेना. ही तिचीच मुलगी. मालिकेचा नायक मॉर्गन म्हातारा झालाय, माणसं सुखात राहताहेत.

हळूहळू ग्रेसच्या लक्षात येतं की हे स्वप्न आहे, आपण अजून बेशुद्धच आहोत. ती स्वतःची समजूत घालते की स्वप्नानं आपल्याला पुढचं दाखवलं. आपण बाळंतपणात जाणार, लेकरू मात्र जगणार, मोठं होणार. आणि ती ते कबूल करते.

इथवर मी सांगत आलो. माय तुरीच्या शेंगा भाजत होती. तिनं विचारलं,

"केवढी दिसली पोरगी?"

"सोळा वर्षाची."

"निरा सपनातच दिसली?"

"हाव."

"मंग हे लेकरू वाचत नाई. ते बाई वाचते."

भाग संपायला अजून बराच वेळ होता. मी म्हटलं, माय, थांब जरा. ती थांबली नाही, शेंगा सोलत राहिली. आणि शेवटी तसंच झालं. बाळ मेलेलं जन्मलं, ग्रेस जगली.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, या भागाला 'वेळ काढायला टाकलेला' म्हणणारे पुष्कळ आहेत, तुम्हाला तसं वाटतं का? दोन, अमेरिकेतल्या लेखकांनी कोड्यासारखा बांधलेला शेवट यवतमाळातल्या साठीच्या बाईनं शेंगा सोलता सोलता कसा ओळखला?

माझा अंदाज असा. आपल्याकडं स्वप्न उलटं असतं. स्वप्नात लग्न दिसलं तर मयत, मयत दिसलं तर त्या माणसाचं आयुष्य वाढतं. मायनं तोच हिशेब लावला असणार. आणि त्या लेखकांनी नकळत नेमका तोच हिशेब वापरला आहे, असं माझं म्हणणं.

---

अकोल्याचा_पुणेकर, शनिवार सकाळी ९.३४

भाऊ, शीर्षकातच लेकरू मारून टाकलं तुम्ही. रसभंगाचा इशारा कुठं आहे? ज्यांचं पाहायचं राहिलं त्यांनी काय करायचं?

असो, आता वाचलंच आहे तर बोलतो. या मालिकेच्या घराण्यात स्वप्नाचा हा डाव नवा नाही. मूळ 'वॉकिंग डेड'च्या आठव्या सीझनमध्ये तिथला नायक रिक पांढऱ्या दाढीत मधेमधे दाखवायचे. घरदार, फुलं, सगळं छान. लोकांनी महिनोन्महिने तर्क लढवले की पुढची गोष्ट दाखवताहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये कळलं की ते सगळं रिकच्या मरणाऱ्या पोराच्या, कार्लच्या मनातलं होतं. तिथंही तेच. जे सुख दिसलं त्यात दाखवणारा स्वतः नसणार. आणि सगळ्याची सुरुवातच २०१० साली रिक दवाखान्यात बेशुद्धीतून जागा होतो तिथून आहे. म्हणजे 'जागं झाल्यावर जग बदललेलं' हा यांचा मूळचा मसाला आहे. ग्रेसच्या भागात त्यांनी तो उलटा वाटला. इथं जाग आल्यावर जग चांगलं झालेलं दिसतं, म्हणूनच शंका यायला पाहिजे होती.

मला नाही आली. तुमच्या मायला आली.

---

रात्रीची_लाइन, शनिवार सकाळी ९.५०

इशाऱ्याचं चुकलं, माफी. शीर्षक आता बदलता येत नाही असं दिसते.

---

खुरपं, शनिवार सकाळी १०.१५

मला असले भाग पटत नाहीत. स्पष्ट बोलतो, राग नको.

स्वप्न दाखवणं म्हणजे लेखकानं फुकटात रडवणं. पाऊण तास जे पाहिलं ते घडलंच नाही म्हणायचं आणि नंतर आपल्याकडून आसवांची अपेक्षा ठेवायची. जुनी अमेरिकन मालिका 'डॅलस' आठवते का कुणाला? त्यात बॉबी नावाचं पात्र मेलं. लोक ओरडले, मालिका खाली गेली, म्हणून १९८६ साली त्याला न्हाणीतून जिवंत बाहेर काढला आणि मधला अख्खा सीझन बायकोला पडलेलं स्वप्न होतं असं सांगून मोकळे झाले. एक वर्षाचा माल एका वाक्यात नाल्यात. तेव्हापासून 'ते स्वप्न होतं' म्हटलं की मला वाटतं दुकानदारानं काटा मारला.

---

रात्रीची_लाइन, शनिवार सकाळी १०.४२

खुरपं भाऊ, राग कशाचा. पण 'डॅलस'मध्ये स्वप्नानं घडलेलं पुसून टाकलं. इथं स्वप्नानं काहीच पुसलं नाही. ग्रेसनं स्वप्नात एक करार केला, मी जाते, हिला राहू द्या. जाग आल्यावर तो करार तिच्या हातात आहे आणि समोरचा पक्ष मोडून बसला. मला तर ते 'काही घडलंच नाही'पेक्षा जास्त जड वाटलं.

आणि स्वप्नात दिलेला शब्द आपल्याकडं खोटा धरत नाहीत, हे विसरू नका. राजा हरिश्चंद्राची गोष्ट लहानपणी कीर्तनात ऐकली ती अशीच ना? राज्य दिलं स्वप्नात, आणि सकाळी विश्वामित्र दारात उभे. राजानं असं म्हटलं नाही की महाराज, ते तर स्वप्न होतं. डोंबाघरी पाणी भरलं. 'डॅलस'वाल्यांनी हरिश्चंद्राची गोष्ट लिहिली असती तर दुसऱ्याच पानावर संपली असती.

---

खुरपं, शनिवार सकाळी १०.५५

हरिश्चंद्राला शेवटी मुलगा परत मिळाला. ग्रेसला काय मिळालं?

---

रात्रीची_लाइन, शनिवार सकाळी १०.५७

हं. याला उत्तर नाही माझ्याजवळ.

---

झाडीचा_माणूस, शनिवार दुपारी १२.२०

मी गडचिरोली जिल्ह्यातला, वडसा आम्हाला जवळ. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची जत्रा, सुरू झाली की आमच्याकडं नाटकं लागतात ती होळीपर्यंत. रात्री सुरू होते आन सकाळी कोंबडा आरवल्यावर सुटते. तिकडल्या मंडळीत मी तीन वर्षं लायटीचं काम केलं जी, म्हणून या विषयात तोंड घालतो.

स्वप्नाचा प्रवेश स्टेजवर कराचा म्हटलं तर पयले प्रेक्षकाले सांगाव लागते की हे स्वप्न हाय. निळी लाइट, धूर, ऑर्गनवाला वेगळा सूर धरते. नाही सांगतलं तर लोकं गोंधळतात आन मागून ओरडतात. पण एकदा आमच्या डायरेक्टरनं निळी लाइट देऊच नोको म्हणून सांगतलं. साधी पिवळी लाइट, रोजच्यासारखी. मेलेला बाप घरात येते, पाट मांडून जेवाले बसते, पोरगी वाढते. जेवण झाल्यावर तो उठून विंगेत जाते, आन पोरगी ताट पायते तं ताट कोरडं. एवढंच. पेंडॉलात बायांच्या रडण्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

तुमचा भाग मी अजून पायला नाही, पण तुमी सांगता त्यावरून समजते की त्याईनं निळी लाइट दिली नाही. ग्रेसले जसं खरं वाटते तसंच आपल्यालेबी वाटू देलं. मंग फसवलं म्हणणाऱ्याचंबी बरोबर हाय आन रडणाऱ्याचंबी.

---

संत्राबर्फी, शनिवार दुपारी १.०५

कोणाला माहीत आहे का की ग्रेसचं काम करणारी कॅरन डेव्हिड मूळची आपल्याकडच्या शिलाँगची? जन्म शिलाँगचा, वाढली कॅनडात. आणि सोळा वर्षांची अथेना झालेली सहाना श्रीनिवासन भारतीय वंशाची अमेरिकन आहे. माय-लेकी दोघींचं मूळ इकडचं. मी तर म्हणते हा अर्धा भाग आपलाच धरावा.

बाकी मॉर्गनच्या म्हाताऱ्या दाढीवर काही बोलत नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळाची दाढी यापेक्षा चांगली चिकटवलेली असते.

---

टीएलडी_बॅज, शनिवार दुपारी २.४०

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, तालुक्याच्या ठिकाणी. छातीवर जो बिल्ला लावतो तेच नाव इथं घेतलंय. महिन्यामागून महिने आपल्या अंगावर किती किरण पडले ते तो बिल्ला मोजतो. आमच्यासारख्या कामगाराला पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नको, अशी मर्यादा आहे. हे यासाठी सांगतो की खालचं बोलणं हवेतलं नाही.

भागाच्या शेवटी असं सुचवलंय की पोटातल्या बाळानं आईच्या अंगातला सगळा किरणोत्सर्ग स्वतःवर घेतला, म्हणून आई वाचली. वाक्य ऐकायला फार छान आहे, पण शरीर असं चालत नाही. बाहेरून आलेले गॅमा किरण शरीरातून आरपार जातात आणि जाता जाता जे बिघडवायचं ते बिघडवून जातात. ते अंगात साचून राहत नाहीत, की कुणी नंतर ओढून घेईल. किरणोत्सर्गी धूळ श्वासातून किंवा अन्नातून पोटात गेली तर ती मात्र राहते. त्यात एक गोष्ट या भागाच्या जवळ जाते. किरणोत्सर्गी आयोडीन वारेतून बाळाकडं जातं आणि तिसऱ्या महिन्यानंतर बाळाची थायरॉइड ते ओढू लागते. म्हणजे बाळ घेतं हे खरं. पण त्यानं आईचं रिकामं होत नाही. विहिरीतून एक बादली शेजाऱ्यानं नेली म्हणून विहीर आटत नाही, तसं.

बाळावर धोका कधी जास्त, तर आठव्या ते पंधराव्या आठवड्यात. मेंदू बनत असतो. म्हणूनच आमच्या खोलीच्या दारावर लिहिलेलं असतं की गरोदर असाल तर आधी सांगा. आणि बायका सांगत नाहीत हो. सासू सोबत असते, बाहेर सहा माणसं बसलेली असतात. मी आता विचारायचा प्रकारच बदललाय. "ताई, पाळी कधी आली होती?" असं विचारत नाही. सोबतच्या माणसाला केसपेपर आणायला खिडकीवर पाठवतो आणि मग हळूच विचारतो.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि या भागाच्या लेखकांनी ती वापरायला हवी होती. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात आणि बाळंतपणानंतर कित्येक वर्षं तिच्या अंगात सापडतात. लेकरू जगलं नाही तरी. ग्रेसला हे कुणी सांगितलं असतं तर त्या खोट्या शास्त्राची गरजच पडली नसती.

---

अकोल्याचा_पुणेकर, शनिवार दुपारी २.५८

हे शेवटचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

पऱ्हाटी, शनिवार दुपारी ३.३०

मले एक समजत नाई. हे झोंबी लोक टेक्सासात फिरून रायले. टेक्सासातबी कापूस, आपल्याकडंबी कापूस. मंग आपल्याकडं आले तं काय होईन?

पयली गोष्ट, मे महिन्यात चंद्रपूर-ब्रम्हपुरीत ४६-४७ डिग्री. मढं दोन दिवसात वायून खारीक. दुसरी गोष्ट, पऱ्हाटीच्या वावरात शिरला तं बोंडात अटकते. तिसरी, रोही आन डुकरं ज्याले थांबवता येत नाई थ्या सरकारी कुंपणाले झोंबी तं आरामात पार करन. चौथी, आमच्या गावातले दोन-तीन जन आत्ताबी सकाळी तसेच चालतात, कोणाले फरक समजनार नाई.

(विषयाशी संबंध नाई, मालूम हाय. सोयाबीन इकाले गेलो होतो, भाव आयकून डोक्स फिरलं म्हून लेहून रायलो.)

---

कोरडवाहू, शनिवार दुपारी ४.१०

पऱ्हाटी भाऊ, हसलो. पण मला त्या मालिकेतली माणसं वेशीवर पहारा देतात ते पाहून २०२० आठवतं. आमच्या गावानं रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. बाहेरचा माणूस आला की दोन पोरं काठ्या घेऊन उभी, आणि त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ. मी पुण्याहून मोटारसायकलनं आलो होतो. त्यानं मला चौदा दिवस शाळेत ठेवलं. जेवणाचा डबा खिडकीतून. आई पटांगणाच्या पलीकडून हाक मारायची.

पुढं फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागला, बाकी महाराष्ट्राला अजून पत्ताही नव्हता तेव्हा. आणि हा भाग तिकडं दाखवला मे २०२१ मध्ये. आमच्याकडं तेव्हा दुसरी लाट होती. मी तो त्याच उन्हाळ्यात पाहिला, खाटेवर पडून, अंगात ताप. ग्रेसला स्वप्नात सगळी माणसं एका जागी, मोकळी, तोंडं उघडी, हसताना दिसतात ना, मला तेवढंच पाहावंसं वाटत होतं. मी तो तुकडा मागं घेऊन घेऊन पाहिला. शेवट पाहिलाच नाही. लेकरू जातं हे मला आज, या धाग्यावर कळलं.

---

खुरपं, शनिवार दुपारी ४.२२

कोरडवाहू, तुम्ही जे केलं ते बरोबर केलं. माझं वरचं काटा मारल्याचं वाक्य अर्धं मागं घेतो. अर्धंच.

---

पाचवीचा_दिवा, शनिवार सायंकाळी ७.४५

मी आशा म्हणून काम करते. नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

इथं सगळे स्वप्नावर बोलले. मला शेवटावर बोलायचं आहे. ज्या पोटाला पूर्ण दिवस गेले आणि लेकरू मेलेलं आलं, अशी घरं मी पाहिली आहेत. अठ्ठावीस आठवड्यांनंतरचं असेल तर आम्ही त्याला मृत जन्म म्हणतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानं त्याचीही नोंद करावी लागते. आईचं वय, मुलगा की मुलगी, किती आठवड्यांचं. तेवढं लिहून मी उठते.

घरात काय होतं ते सांगते. लेकराला पुरतात, जाळत नाहीत. बाप आणि एखादा काका जातो. आईला नेत नाहीत. कित्येकदा तिला तोंडही दाखवत नाहीत, 'पाहिलं तर जीव गुंतते' म्हणून. सुतक नाही, दहावं-तेरावं नाही. दोन दिवसांनी तिला दूध येतं. त्यासाठी काय करायचं हे कुणी सांगत नाही, ते मी सांगते. चौथ्या दिवसापासून शेजारणी म्हणू लागतात की अजून तरणी आहे, पुढचं होईल.

आपल्याकडं जन्माच्या आधी लेकराचं काही आणत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, नाव तर नाहीच. नाव बाराव्या दिवशी. पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिते, त्याच्या आधी त्याच्याबद्दल काही बोलायचंच नसतं. मला वाटायचं ही अंधश्रद्धा आहे. बरीच घरं पाहिल्यावर वाटू लागलं की ही तयारी आहे. न आलेल्याचा कमीत कमी पसारा घरात राहावा म्हणून.

ग्रेसनं या सगळ्याच्या उलट केलं. पाचवीच्या आधीच कपाळ वाचलं. नाव घेतलं, चेहरा पाहिला, तिच्याशी बोलली. मला पाहताना भीती वाटत होती, की बाई, इतकं पाहू नको. पण नंतर विचार आला की माझ्या गावातल्या बायांना तर तेवढंही मिळत नाही. एक बाई मला म्हणाली होती, "ताई, मले त्याचे केस कसे होते तेवढं सांगा." मी प्रसूतीच्या वेळी तिथं होते म्हणून तिनं मला विचारलं. सांगितलं मी. काळे होते, दाट. ती नंतर दोन वर्षं दर भेटीत तोच प्रश्न विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायची.

भाग मोठा करून दाखवलाय का, शास्त्र चुकलंय का, ते तुम्ही ठरवा.

---

टीएलडी_बॅज, शनिवार रात्री ८.०५

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. आमच्याकडं आता लेबर रूमच्या सिस्टर, आईनं मागितलं तर, लेकरू तिच्या हातात देतात. थोडा वेळ. तसा लेखी नियम काही नाही, एका सिस्टरनं सुरू केलं आणि मग चालू राहिलं.

---

संत्राबर्फी, शनिवार रात्री ८.३०

माझी दाढीची मस्करी या धाग्यात आता फार विचित्र दिसते आहे. असू द्या, काढत नाही.

---

झाडीचा_माणूस, शनिवार रात्री ९.१५

धागाकर्ते, तुमच्या मायले विचारा ना गा, तिले कसं समजलं ते. आमी इथं उलटं सपन, सटवाई, हरिश्चंद्र, सगळं काढून बसलो. खरं काय ते तिच्याच तोंडून येऊ द्या.

---

रात्रीची_लाइन, रविवार सकाळी ८.२०

विचारलं.

काल रात्री पाइप सरकवून झाल्यावर साडेबाराच्या सुमारास मी विषय काढला. सगळ्या धाग्यातलं थोडं थोडं तिला सांगितलं. सटवाईचं सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. हरिश्चंद्राचं सांगितलं तर म्हणाली, ते तं तारामतीले विचाराले पायजे. ताईंनी लिहिलेलं केसांचं मी सांगितलं नाही. का ते मला नीट सांगता येत नाही. माझ्याआधी एक झालं होतं एवढं मला माहीत आहे, त्याच्यापलीकडं आमच्या घरात कधी बोलणं नाही.

मग मी म्हटलं, माय, तुले कसं समजलं ते सांग. सपन उलटं असते म्हणून?

तर म्हणते, "सपनाचं काय घेऊन बसला. वीस वर्षं झाले टीव्हीवरच्या सीरियली पाहून रायली मी. ज्याले सुखात दाखोतात, थे पुढच्या आठवड्यात मरते. तुह्याच्यात तं त्या पोरीले लयच सुखात दाखोलं."

माझी सगळी थिअरी गेली. वर म्हणते की त्या बाईचं पुढं काय झालं ते लाव, आज मी वर मचानीवर येतो, मलेबी दिसलं पायजे. गुडघे दुखतात तिचे, तरी शिडी चढून आली. चादर पांघरून, चष्मा लावून बसली. तेवढ्यात मोटार बंद पडली. डीपीवरचा फ्यूज गेला होता. तो बांधून येईस्तोवर तीन वाजले आणि पाहणं राहिलं.

आज रात्री लावायचा आहे. तेरावा भाग फार मारामारीचा असेल तर आधी सांगा, तिला मुंडकी उडालेली चालतात, पोटं फाडलेली चालत नाहीत.

---

अकोल्याचा_पुणेकर, रविवार सकाळी ८.४१

मारामारी सोडा, तेराव्यात ग्रेसची गोष्टच पुढं सरकत नाही. तो भाग जून नावाच्या बाईचा आहे, आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, जॉन डोरीचा, म्हातारा बाप येतो. ग्रेस आणि मॉर्गनचं जे आहे ते सीझनच्या शेवटाला, सोळाव्या भागात. तिथं काय होतं ते सांगत नाही. (पाहा, इशारा न देता कुणाचा घात करू नये.)

---

रात्रीची_लाइन, रविवार सकाळी ९.०२

मायला सांगितलं की पुढच्या भागात ती बाई नाही, एक म्हातारा येते.

म्हणे, "म्हाताऱ्यासाठी काहून जागाचं? घरी एक हाय."

सोळावा भाग डाउनलोडला लावतो आहे. गावात नेटवर्क शाळेच्या गच्चीवरच येतं, दुपारपर्यंत व्हायला पाहिजे.